कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडा पडतो

एसी चौथ्यांदा बंद पडला तेव्हा केबिनमध्ये पस्तीस अंश झाले होते आणि लेकीच्या मानेवरचं घामोळं कानापर्यंत चढलं होतं. आठ महिन्यांची पोर. आता रडतही नव्हती, नुसती कण्हत होती, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिचं अंग तापू देऊ नका.

आम्ही राहतो बोटीवर. धक्क्यावरच्या खांबातून एका जाड केबलने वीज येते.

"व्होल्टेज कमी पडतंय, म्हणून तो स्वतःच बंद होतोय," नवरा म्हणाला.

"हे तू सकाळपासून सांगतोयस. वाढव मग."

"मी काय वीजमंडळ आहे?"

दुपारी वायरमनकाका आले. खांबाशी मीटर लावला. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट.

"इथं तर झकास आहे."

"आत पोर भाजून निघतेय, काका."

"ताई, एसी बंद असताना मोजून काय कळणार? झोपलेल्या माणसाची धाप मोजल्यासारखं ते. चालू करा."

नवऱ्याला एक मीटर देऊन त्यांनी खांबापाशी उभं केलं, दुसरा घेऊन स्वतः केबिनमध्ये बसले. कॉम्प्रेसर घरघरला आणि आतला आकडा गडगडला. एकशे ऐंशी. एसी गप्प.

"तिकडे किती होते?" काकांनी विचारलं.

"दोनशे पंचवीस," बाहेरून आवाज आला.

"म्हणजे वीज वाटेत अडतेय." काका केबल चाचपत बोटीवरच्या प्लगपर्यंत गेले आणि चटका बसून त्यांनी हात झटकन मागे घेतला. खांबावरचं बटण बंद करायला लावून प्लग उपसला. पिना काळ्याठिक्कर, सॉकेटचं तोंड वितळलेलं.

"चालू वीज असताना हा कोण ओढून काढतं? ठिणग्या खाऊन खाऊन जळालाय."

"मीच. घाईत, कधीतरी," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

लेक रांगायला लागल्यापासून थेट डेककडे सुटते, आणि केबल तिथेच येते. खांबावरचं बटण धक्क्यावर, पार पलीकडे. तेवढा वेळ तिला एकटी कशी सोडायची? म्हणून मी सरळ प्लगच उपटते. दिवसातून सात-आठ वेळा.

"तो नाही, मी काढते," मी म्हणाले. "तिला शॉक बसू नये म्हणून."

काका हसले नाहीत. "आग लागली असती, ताई."

नवा प्लग, नवं सॉकेट बसेपर्यंत तासभर मी तिचं अंग ओल्या फडक्याने पुसत राहिले. मग एसी सुरू झाला, आकडा दोनशे एकवीसवर टिकला. काकांनी बोटीवरच्या मेन स्विचवरचं एक छोटं बटण दाखवलं: वीज कुठे गळली तर शॉक बसू नये म्हणून हा स्विच आपोआप पडतो, तो पडतोय ना हे बटण दाबून तपासायचं. मी दाबलं. ठक. सगळं बंद. एसी परत सुरू व्हायला तीन मिनिटं. सुरू झाल्यावर पुन्हा दाबलं.

"ताई, ती दारावरची घंटा नाही."

संध्याकाळपर्यंत लेकीचं अंग निवलं. दूध प्यायली, खुदकन हसली आणि निघाली डेककडे. माझा हात सवयीने प्लगकडे गेला. तिथेच थांबवला. मी मध्ये फतकल मारून बसले, तिचा फ्रॉक मागून मुठीत धरून.

"किती दिवस असं धरून बसणार?" नवरा म्हणाला.

"चालायला लागेपर्यंत."

"मग तर पळावं लागेल."

मी मूठ सोडली नाही. एसी चालू होता, तरी कान तिकडेच.