कॉइलच्या खोलीचं कुलूप

चेअरमन आबासाहेब दर वर्धापनदिनाला आमच्या कारखान्याचा इतिहास सांगतात. तो त्यांच्यापासून सुरू होतो आणि त्यांच्यापाशीच संपतो. बालाघाट रेडिओ उत्पादक सहकारी संस्था, चावडीसमोरचं पत्र्याचं शेड, परळीहून आलेली वीज, गावोगावच्या पंचायतींना दिलेले रेडिओ, आणि शेवटी, "ह्या बाया कामगार न्हाईत, मालकिणी हायेत!" इथं टाळ्या पडतात. मालकिणींना बाहेरून कुलूप लावत, हे काही त्यांच्या भाषणात येत नाही. म्हणून मी सांगते.

मी मालन. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भीमनगर वस्तीतल्या बाया खडी फोडायला जायच्या आणि मी सातवी पास म्हणून कॉइलच्या खोलीत बसायचे. सावलीतलं काम म्हणून सगळ्यांना माझा हेवा. केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची. वाऱ्यानं ती तुटते म्हणून पंखा नाही, धूळ बसते म्हणून खिडकी बंद. वर पत्रा तापलेला. त्यात कुणीतरी तारेचं रीळ चोरलं आणि आबासाहेबांनी हुकूम काढला, सुट्टी होईपर्यंत दाराला कुलूप. चोर सापडला नाही, कुलूप तेवढं राहिलं. किल्ली चौकीदार सटव्याच्या करदोड्याला. मालकिणीला लघवीला जायचं तरी आतून दार वाजवावं लागे. उन्हापेक्षा मला त्या कुलपाचाच जास्त राग यायचा.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी जाऊ भामा बाळंत झाली. आमचे दोघींचे नवरे तलावाच्या कामावर, मुक्कामही तिकडंच. वस्तीचा आड आटलेला. टँकर यायचा आणि चावडीशेजारच्या गावविहिरीत पाणी ओतून जायचा. त्या विहिरीत आम्हाला घागर बुडवू देत नसत. कुणी वरून ओतलं तर ओतलं. म्हणून पाणी विहिरीत पडायच्या आत ड्रायव्हरच्या पाया पडून पाइपाखालीच घागर भरून घ्यायची. भामाला तर उठवत नव्हतं. सकाळी रांजणाच्या तळाचं तांब्याभर पाणी तिच्या उशाशी ठेवलं आणि म्हणाले, "टँकर आला की येते. सटवा सोडील मला."

दुपारी हॉर्न वाजला. मी दारावर थापा मारल्या. "सटवाभाऊ, दार उघडा!" फटीतून पाहिलं तर सटवा स्वतःच घागर घेऊन विहिरीकडे पळत होता. त्याच्याही घरी पाणी नव्हतं, त्याला तरी काय बोलणार!

"आता गं?" भिमाबाई म्हणाली. ती माझ्या शेजारी काम करायची, वस्तीतलीच, वयानं थोरली. "पोरगी तिकडं तान्ह्याला घिऊन कोरडी पडली आसंल."

माझी नजर टेबलावरच्या तपासणीच्या यंत्राकडे गेली. तयार रेडिओला परभणी केंद्र लागतं का, हे त्यावर बघायचं. ते यंत्र स्वतःच परभणीसारखी लहर सोडतं. आमचे सगळे रेडिओ परभणीवरच कायमचे बसवलेले, बटणावर लाख ओतून, गावानं सिनेमाची गाणी ऐकत बसू नये म्हणून. आम्हाला काम शिकवणाऱ्या पंडितसरांनी एकदा गमतीनं त्या यंत्राला माईक जोडला, तर समोरच्या चावडीवरच्या, आमच्याच रेडिओला जोडलेल्या भोंग्यातून त्यांचाच आवाज निघाला. मग तेच घाबरले. "परवान्याबिगर बोललं की जेल हाय," म्हणाले.

माईक कपाटावर होता, आबासाहेबांच्या भाषणांचा. परभणीचे दुपारचे कार्यक्रम संपून भोंगा नुसता खरखरत होता. मी माईक जोडला. भिमाबाईनं माझं मनगट धरलं.

"सांग, आमाला कोंडलंय म्हणून. आदी कुलूप काढा म्हणावं."

मलाही तेच ओरडायचं होतं, कितीतरी दिवसांपासून. पण मालन बोलली तर कोण ऐकणार? पोलीस तेवढे येतील. भोंग्यातल्या बाईचं मात्र सगळं गाव ऐकतं. मी घसा साफ केला आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं शुद्ध बोलले.

"एक निवेदन. टँकरचालकांना सूचना देण्यात येत आहे की, पाणी विहिरीत सोडण्यापूर्वी भीमनगर वस्तीतील सर्व घरांची भांडी भरून द्यावीत. बाळंतिणीच्या घरी प्रथम जावे."

मी फटीला डोळा लावला. मग टँकर वळला आणि वस्तीकडे निघाला. मला रडू कोसळलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिमाबाईनं माझ्या तोंडावर पदर दाबून धरला.

संध्याकाळी घरी रांजण काठोकाठ भरलेला होता. "जाऊबाई, सरकारची बाई लई मायाळू बगा," भामा म्हणाली. "मी बाळंतीण हाय हे तिला कसं कळलं आसंल?" मी चूल पेटवायला घेतली.

पुढचा टँकर आला तो कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. मी मोकळी होते. घागर घेऊन पाइपापाशी गेले, ड्रायव्हरच्या पाया पडले. त्यानं घागर बाजूला सारली.

"न्हाई बाई. आता रेडिओ बोलंल तसं. हुकूम न्हाई तर विहिरीतच."

चावडीवर सगळे भोंग्याकडे तोंड करून बसले होते. भोंगा खरखरत होता. रिकामी घागर घेऊन मी उभी, आणि सगळं गाव माझ्याच आवाजाची वाट बघत बसलेलं. पाणी विहिरीत गेलं. भामासाठी मी काठावर उभी राहिले, कुणी ओतेल म्हणून. दिवस कलल्यावर एका म्हातारीनं अर्धी घागर ओतली.

त्यापुढचा टँकर कामाच्या दिवशी आला. हॉर्न लांबवर वाजला आणि कधी नव्हे ते कुलूप निघालं. दारात सटवा उभा.

"मालनबाई, त्या दिशी तुमचा आवाज वळखला मी. कुणाला बोललो न्हाई. आबासायबाला काय सांगायचं ते सांगंन, पर आजपासून कुलूप लावत न्हाई. जावा पाण्याला."

वारा आत आला. टेबलावरच्या तारा हलल्या. त्या वाऱ्यासाठी मी किती तळमळले होते! समोर चावडी दिसत होती, भोंग्याखाली माणसं जमत होती. उघड्या दारातून माझा आवाज भोंग्याच्या आधी तिथं पोचला असता, आणि नुसतं लोटलेलं दार कुणीही उघडलं असतं.

"सटवाभाऊ," मी म्हणाले, "दार लावा. कुलूप घाला."

"आता कावून?"

"घाला म्हणते ना!"

त्यानं दार ओढून घेतलं. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज आला, आणि मी कपाटावरचा माईक काढला.