छपराला जाळी लावली तेव्हा

“निघा! निघा इथून, हरामखोरांनो!”

हर्शेल ट्रिपनं झाडूचा दांडा छताला दोनदा ठोकला. वर सोलर पॅनेलांच्या खाली चाललेलं कबुतरांचं घुमणं क्षणभर थांबलं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू झालं. म्हाताऱ्यानं आणखी चार शिव्या हासडल्या, दांडा कोपऱ्यात टेकवला आणि तो कॉफी ठेवायला गेला. रोजची सकाळ ही अशी. फिनिक्सच्या त्या उन्हानं भाजून निघालेल्या वस्तीत दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारे बहुतेक शब्द कबुतरांच्याच वाट्याला यायचे. बायको, मॅव्हिस, जाऊन दोन वर्षं झाली होती.

उरलेले शब्द रविवारी. मिनिॲपोलिसहून मुलीचा, जोलीनचा, फोन यायचा. सुरुवातीला दोघांचीही पंचाईत व्हायची. मॅव्हिस असताना फोन कायम तिच्याच कानाला. हर्शेलला शेवटी ‘तब्येत जप’ एवढंच मिळायचं. आता बापलेकीनं बोलायचं तरी काय? मग छपरावर कबुतरं आली आणि विषय मिळाला.

“काल एक दांडगा खिडकीत बसून माझ्याकडं टक लावून बघत होता. जसं काही घर त्याचं नि मी भाडेकरू!”

जोलीन खो खो हसायची. “मग तू काय केलंस, डॅड?”

“काय करणार? पेपर उचलला नि गुपचूप आत आलो.”

ती हसायची थेट आईसारखी. रविवारी सांगायला काहीतरी असावं म्हणून हर्शेल आठवडाभर कबुतरांवर नजर ठेवायचा. खरं सांगायचं तर थोडं तिखटमीठही लावायचा.

आणि तिथंच घात झाला. पोर गुणाची, बापाचा त्रास तिला ऐकवेना. छपरावरचं प्रत्येक पॅनेल किती वीज देतंय, ते फोनवर चौकटीचौकटींत दिसायची सोय होती. हर्शेलला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून ती जोलीनच्या फोनवर होती. खालच्या रांगेतल्या चौकटी फिक्या पडलेल्या तिला दिसल्या आणि बापाला न विचारता तिनं माणूस ठरवून टाकला.

एलिसेओ बारासा दिवस उगवताना हजर झाला. काच तापायच्या आत धुवायला हवी, तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडकायची भीती, असं त्यानं शिडी लावता लावता सांगितलं. मऊ ब्रशनं त्यानं पॅनेलं धुतली, खालची घरटी नि घाण पोत्यांत भरली आणि चारी बाजूंनी तारेची जाळी आवळली.

“पिल्लंबिल्लं?” हर्शेलनं खालून विचारलं.

“नाहीत, डॉन हर्शेल. सगळी उडालेली.” एलिसेओ वडीलधाऱ्या माणसाला मानानं डॉन म्हणायचा. “आता चोचसुद्धा आत जायची नाही. खुशाल झोपा.”

“कुठं फट नाही ना राहिली?”

“छे! नाव नको.”

“बरं,” हर्शेल म्हणाला. त्याचा चेहरा का पडला, ते काही एलिसेओला कळलं नाही.

रविवारी जोलीनचा फोन आला.

“काय म्हणतायत कबुतरं?”

“गेली.”

“अरे वा! सुटलास बघ. आणि पॅनेलं काय झकास चालतायत! मी इथून बघते ना, सगळ्या चौकटी निळ्याशार. माझी काळजीच मिटली.”

“हं.”

“आणखी काय?”

हर्शेलनं डोकं खाजवलं. “ऊन आहे,” तो म्हणाला.

“ते असणारच. बरं, ठेवते हं. तब्येत जप.”

पुढच्या रविवारी नुसता निरोप आला: मुलाची मॅच आहे, सगळं निळं दिसतंय, म्हणजे तुझं छानच चाललं असणार. त्याच्या पुढच्या रविवारी निरोपही नाही. आपण होऊन फोन करावा, तर ‘काय रे, कशाला केलास?’ असं तिनं विचारलं की सांगायचं काय? घरात इतकी शांतता, की फ्रिज घुरघुरला तरी म्हातारा दचकायचा. त्याला फार एकटं वाटत होतं, आणि हे सांगायलाही कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं कपाटातून मॅव्हिसनं शिवलेली गोधडी काढली. गुडघ्यांना शिव्या घालत शिडी चढला, एका पॅनेलावर गोधडी अंथरली, कडांवर विटा ठेवल्या. खाली येऊन फोन समोर घेऊन बसला. एक चौकट काळी पडली की पोरीला दिसणार, दिसली की ती विचारणार. काय सांगायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं: परत आली गं, जाळी फोडून आली लेकाची!

फोन वाजला नाही. दुपार झाली, दिवस मावळला, तरी नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एलिसेओ उभा.

“एक पॅनेल बंद दिसतंय म्हणे. तुमच्या मुलीनं कळवलं, जाऊन बघून या म्हणून.”

“तुला फोन केला तिनं?”

“फोन कुठला, लिहून पाठवलं.”

हर्शेल काही बोलायच्या आत तो शिडी चढलासुद्धा. वर बराच वेळ काही हालचाल नाही. उतरला तेव्हा घडी घातलेली गोधडी त्याच्या हातावर होती. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वाऱ्यानं उडून वर गेली असेल,” एलिसेओ म्हणाला.

“विटांसकट?”

एलिसेओनं टोपी काढून हातात घेतली.

“डॉन हर्शेल, परत घालून येऊ का वर? मला बिघाड सापडत नाही म्हणून सांगतो. वडिलांनाच विचारा म्हणतो. मग तर करेल ना फोन?”

हर्शेलनं गोधडी त्याच्या हातून घेतली, तिच्यावरची धूळ तळव्यानं झटकली.

“नको रे,” तो म्हणाला. “मॅव्हिसच्या हातची आहे. उन्हानं रंग जाईल.”

मग आत जाऊन त्यानं ती पलंगावर, मॅव्हिस झोपायची त्या बाजूला, नीट अंथरली.