खुराड्याच्या दारातली त्रुटी

कडी अडली होती. खुराड्याच्या दाराची, बोटभर लांबीची, गंजकी कडी — रोज सकाळी ती एका ठरलेल्या जागी येऊन थबकते, मग अंगठ्याने तिला वरून दाबायचं आणि तर्जनीने किंचित डावीकडे लोटायचं, आणि हे करताना शरच्चंद्रांना रोज एकच समाधान वाटतं, की हे दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. आज मात्र कडीवर अंगठा ठेवून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. आत कुरकुर सुरू झाली — उघडा की, आम्हीसुद्धा काय पेन्शनीत निघालोय? — आणि त्यांच्या मनात आलं, उद्यापासून ही कडी नसेलही. इथे मोटर असेल. मोटरला अंगठा लागत नाही...

तसं पाहिलं तर कोंबड्या आणि शरच्चंद्र यांचा संबंधच काय! केकसुद्धा अंड्याचा की बिनअंड्याचा हे विचारून खाणारं घर. शनिवार पेठ सोडून विश्रांतवाडीला छोटा बंगला बांधला तेव्हा मागच्या अंगणात पेरू आणि कढीपत्ता, एवढीच काय ती महत्त्वाकांक्षा. पण आमोदचं, म्हणजे चिरंजीवांचं, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून डोकं शिणायला लागलं आणि इंटरनेटवर कुठेतरी वाचून तो चार कोंबड्या आणि एक खुराडं घेऊन आला. घरच्या अंड्यांचे गोडवे गायले, फोटो काढले, आणि वर्ष व्हायच्या आत बायको-मुलीसह हिंजवडीच्या चौदाव्या मजल्यावर राहायला गेला — येण्याजाण्यात आयुष्य चाललंय म्हणे. कोंबड्या लिफ्टमधून नेत नाहीत. त्या राहिल्या बाबांच्या गळ्यात. अंडी शेजारच्या निवृत्त फौजी रंगरावांकडे जातात, आणि पेठेतले नातेवाईक आले की शरच्चंद्र घाईघाईने सांगतात, "खतासाठी ठेवल्यात." नातेवाईक कढीपत्त्याकडे बघतात आणि आमटी जरा बेतानेच घेतात.

तर सोमवारपासून सूनबाई, अपेक्षा, पुन्हा ऑफिसला जाणार. नात अवनी अजून धड चालतही नाही. शरच्चंद्रांच्या पत्नी आनंदीबाई तिच्यासाठी हिंजवडीला राहायला निघाल्या आहेत — आठ-पंधरा दिवस नव्हे, ती शाळेत जाईपर्यंत. बॅग भरून दाराशी ठेवलीय, उद्या आमोद गाडी घेऊन येईल. दोघांनी यावं, असं सगळ्यांचं म्हणणं. शरच्चंद्रांचं म्हणणं एकच: कोंबड्यांचं काय? त्यावर रंगरावांनी, अंड्यांना जागून, सकाळचं दाणापाणी आपल्याकडे घेतलं. पण संध्याकाळी दार लावायला यायचं नाव काढलं तर म्हणाले, शरच्चंद्रराव, संध्याकाळी फौजी माणूस कुणाचाच नसतो. आणि संध्याकाळी दार लागलं नाही तर मुंगूस आहे, गल्लीतला बोका आहे... तेव्हा आपोआप लागणारं दार हवं. म्हणजे दार मिळालं की शरच्चंद्र निघायला मोकळे. इतकं सरळ गणित त्यांना याआधी कोणी घातलं नव्हतं.

पण तेही काही कच्चे नव्हते. सारी नोकरी सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत गेलेली. तिथे वस्तू विकत घेणं याला कोणी काम म्हणत नसे; काम म्हणजे तीन कोटेशनं मागवणं आणि प्रत्येकात त्रुटी काढणं. पंखा असो, कपाट असो — शरच्चंद्रांच्या टेबलावरून फाइल 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा घेऊन अशी काही जायची, की दोन साहेब बदलले तरी पंखा येत नसे. दारांचीही त्यांनी रीतसर तीन कोटेशनं मागवली. पहिलं परदेशी, उजेड ओळखणारं. किंमत ऐकून आनंदीबाई म्हणाल्या, "एवढ्यात कोंबड्यांना फ्लॅट मिळेल." शिवाय त्रुटी: मागच्या सोसायटीचा हॅलोजन रात्रभर चालू, दाराला रात्र झालेली कळणार कशी? दुसरं घड्याळावर चालणारं, स्वस्त. पण वीज गेली की घड्याळ पुन्हा बारावर, आणि विश्रांतवाडीची वीज तर जायचा एकही गुरुवार चुकवत नाही. परत. तिसरं तेजसचं. या पोराने हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून — शरच्चंद्रांच्या दृष्टीने हीच पहिली त्रुटी — धानोरीच्या एका गाळ्यात दारं बनवायला घेतलेली. बॅटरी होती, उजेडही ओळखायचं आणि घड्याळही होतं, आणि किंमत परवडणारी. शरच्चंद्रांनी ते कोटेशन चार दिवस उलटंपालटं करून पाहिलं. काही सापडेना.

आणि मग चंपा आठवली.

चंपा म्हणजे चौघींतली तांबडी. बाकीच्या तिघी तिन्हीसांजेला मुकाट आत जातात, चंपा नाही. ती पेरूखाली घुटमळते, मान वाकडी करून बघते, दोन पावलं येते, परत जाते. शरच्चंद्र दारात उभे राहून तिला बोलावतात, चुचकारतात — काय चंपाबाई, ही काय यायची वेळ झाली? — आणि ती येईपर्यंत बोलायला दुसरं कोणी नसल्याने तिच्याशीच बोलत राहतात. आधी नुसतं रागावणं असायचं. मग हळूहळू इतर विषयही निघायला लागले. दिवाळीत चार दिवस ते चौदाव्या मजल्यावर राहून आले होते. तिथे माणूस संडासात शिरला की दिवा आपोआप लागतो आणि फार वेळ बसला तर आपोआप जातो. अवनीला उचललं की ती भोकाड पसरायची. आनंदीबाईंनी तासाभरात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि ते सोफ्यावर बसून एकच पेपर दुपारपर्यंत वाचत राहिले. सूनबाई दोनदा विचारून गेली, बाबा, कंटाळा नाही ना आला? — चंपा, मला तिथे भीती वाटते गं. मी तिथे कोण? आणि ही गेल्यावर इथे मी कुणाशी भांडू? एकटा राहीन म्हटलं तर 'बघा बुवा' एवढंच म्हणाली. राहू नका असं म्हणाली असती तर... हे सगळं चंपाने ऐकून घेतलेलं. कोंबड्यांचं एक बरं असतं, मध्ये बोलत नाहीत.

तेव्हा त्यांनी तेजसला फोन करून त्रुटी कळवली होती: एक कोंबडी बाहेर राहिली, तर आपलं दार काय करतं? दार बंद होतं, सर. आणि कोंबडी? त्यावर तेजस म्हणाला, सर, मी स्वतःच येतो, लावून दाखवतो, पटलं तर ठेवा. फुकट ट्रायल! उभ्या नोकरीत एकाही ठेकेदाराने असा अंगावर येऊन बाण परतवला नव्हता.

तो आज दुपारी चहाच्या वेळेला आला. त्याने ती कडी काढली — चार फटक्यांत, तिच्या नाजूक स्वभावाची काहीही चौकशी न करता — आणि तिथे ॲल्युमिनियमची खालीवर सरकणारी पट्टी बसवली. ॲक्च्युअली सर, बेसिक मेकॅनिझम एकदम सिंपल आहे, असं म्हणत तो बराच वेळ सिंपल मेकॅनिझम समजावत राहिला. शरच्चंद्र कमरेवर हात ठेवून बघत होते आणि मनातल्या मनात शेरा लिहीत होते. येऊ दे संध्याकाळ. चंपा बाहेर राहील, तिघी आत, दार खाली, आणि आपण फक्त म्हणायचं — बघितलंत? फार बोलायचं नाही. परत.

दिवस कलायला लागला. सवयीने ते दाराशी जाऊन उभे राहिले.

"सर, तुम्ही जरा लांब व्हा ना," तेजस म्हणाला. "सेन्सरवर सावली पडतेय तुमची. त्याला वाटेल रात्र झाली."

लांब म्हणजे किती, असं विचारत विचारत ते पेरूपर्यंत मागे आले, आणि तेजस अजून हात हलवतोय म्हणून पेरूच्याही मागे गेले. तिथून खुराडं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. केवढंसं दिसत होतं ते! तिघी आल्या, आत गेल्या. आणि त्यांच्या पाठोपाठ — काही घुटमळणं नाही, मान वाकडी करणं नाही, चुचकारण्याची वाट बघणं नाही — चंपा ऑफिसची बस पकडावी तशी तुरुतुरु चालत आली आणि सरळ आत शिरली. थोड्या वेळाने पट्टी शांतपणे खाली आली. टक्. एवढासा आवाज.

तोंडात मारल्यासारखे शरच्चंद्र पेरूमागे उभे राहिले. फायनल करू ना, सर? तेजसने विचारलं. कळवतो, ते म्हणाले. हा शब्द चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआपच आला. तेजस दार तसंच ठेवून, आज रात्रभर बघा म्हणून सांगून गेला.

मागच्या पायरीवर आनंदीबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"आज पहिल्यांदाच," शरच्चंद्र म्हणाले. "योगायोग. नवीन दाराला बिचकली असेल."

"अहो, ती रोजच जाते तशी. तुम्ही बाजूला झालात की जाते. दारात तुम्ही उभे, मग ती जाणार कुठून?"

"तुला काय माहीत?"

"रोज बघते ना मी. इथूनच."

"मग इतके दिवस बोलली नाहीस ती?"

आनंदीबाईंनी जरा विचार केला. "तुम्ही तिच्याशी इतकं मनापासून बोलायचात," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बोलू दे."

आणि भाजी लागेल म्हणून आत गेल्या.

आधी राग आला. म्हणजे आपण इतके महिने मुंगसापासून जिला वाचवत होतो तिला बाहेर अडवून कोण ठेवत होतं, तर आपणच! आणि ही पायरीवर उभी राहून मजा बघत होती... पण राग पुरता चढेना; मध्येच तो एक शब्द आडवा आला. रोज. बघते, म्हणाली ती. ऐकते असं नाही म्हणाली. पण मग बोलू दे म्हणजे काय? पायरीपासून खुराड्यापर्यंत अंतर ते असून असून किती, आणि माझा आवाज तर रंगरावांकडेही जातो अशी हिचीच तक्रार... म्हणजे चौदाव्या मजल्याची भीती, संडासातला दिवा, कुणाशी भांडू, राहू नका असं म्हणाली असती तर — सगळं? या वयात त्यांचे कान गरम झाले. भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्या खालून, त्यांना न विचारता, काहीतरी सुटून मोकळं झाल्यासारखं वाटायला लागलं. जे तिला सांगायचं कसं म्हणून इतके दिवस अडलं होतं, ते सगळं सांगून झालेलं होतं, आणि ते ऐकूनही ती रोज काही न बोलता ताट वाढत होती, मीठ कमी आहे का विचारत होती.

त्यांनी यातही त्रुटी शोधून पाहिली. सापडली नाही. उद्याचं काय ते अजून ठरत नव्हतंच. पण आतून फोडणीचा वास आला आणि ते पायरीपाशी आले, आत जाण्यासाठी, की काहीतरी बोलण्यासाठी, ते त्यांनाच कळेना. ते उंबऱ्याशी थांबले — दारात नाही, जरा बाजूला.