दुसरं इंजिन

झाकणाच्या आतलं रबर कधीच विरून गेलं होतं, उरली होती नुसती पितळेची कडा, आणि तिच्यावरून अंगठा फिरवत पुंजाराम मघापासून उभा होता. जीपच्या रेडिएटरचं झाकण. किती वर्षं त्यानं ते फडक्यात धरून उघडलं होतं, वाफ जाऊ दिली होती, पाणी ओतून पुन्हा बसवलं होतं... आता बसवणार कशावर? अकोले गावातल्या बजरंगच्या गॅरेजात जीप बोनेट उघडून उभी होती आणि इंजिनाच्या जागी दात पाडलेल्या तोंडासारखी पोकळी होती.

"नाना, ब्लॉकच तडकलाय. आता त्यात काय राम न्हाई," बजरंग म्हणाला. "पर बिनपाण्याची गाडी घाट चढवली? तुमी?"

तुमी — हेच लागलं. कारण वळणावरच्या झऱ्यापाशी थांबायचं, गाडीला पाणी पाजायचं, तिथल्या शेंदरी दगडाला हात लावायचा आणि मगच पुढं निघायचं, हा नेम घाटातल्या निम्म्या ड्रायव्हरांना पुंजारामनंच शिकवलेला. नगरला मिलिटरीच्या लिलावात ही जीप घेतली तेव्हापासून तो त्यानं कधी मोडला नव्हता. पण गेल्या पावसाळ्यानंतर, आभाळ स्वच्छ असताना, भरदुपारी त्याच वळणावरून त्याच्या लेकाची, कल्याणची, गाडी सरळ दरीत गेली — वळलीच नाही — आणि तेव्हापासून ते वळण त्याच्यापुरतं उरलं नव्हतं. तिथं आलं की तो समोर बघायचा आणि गाडी दामटायचा. पाणी? असेल आत पाणी. घोटभर पाण्यासाठी तिथं उतरायचं, खाली बघायचं... नको. मला नाही जमायचं. मग एक दिवस घाटमाथ्यावर जीपनंच हात टेकले. तिचं तरी काय चुकलं.

"दोन हायेत माझ्याकडं," बजरंग हात पुसत म्हणाला. "एक तुमच्याच जातीचं, जुनं पेट्रोल. लई थकलंय, सामान मिळत न्हाई, धूर काढंल. दुसरं डिझेल." तो अडखळला. "खोटं न्हाई बोलत नाना. भंगारवाल्याकडनं श्रीरामपूरहून आणलंय. कल्याणचं हाय."

कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर ते बसवलेलं होतं. वरच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, तेलात भाजून काळपट झालेलं. दसऱ्याला त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं काढलेलं. ती डावखुरी, पूजेला डावा हात चालत नाही म्हणून उजव्यानं काढायची आणि एक पाय नेहमी तोकडा राहायचा. इथंही तोकडाच होता.

भंगार झालं असेल ते, त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं — होऊ दे भंगार. देवा, होऊ दे.

कारण एक वाक्य होतं. अंत्यविधीच्या दिवशी, पोलीस म्हणाले की ब्रेकची खूण दिसत नाही तेव्हा, सगळ्या भावकीसमोर त्यानं ते उच्चारलं होतं : "घाटात इंजिन बंद पडलं, ब्रेक दगडासारखा झाला, लेकराचा नाइलाज झाला." कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही. पण त्या सकाळी कल्याण आणि त्याच्या बायकोचं, धनश्रीचं, कडाक्याचं भांडण सगळ्या आळीनं ऐकलेलं होतं, आणि माणसं सुनेकडं ज्या नजरेनं बघायला लागली होती... ते वाक्य ऐकून नजरा वळल्या. लंकाबाईनं इंजिनाला शिव्या घातल्या. त्या मेल्या यंत्रानं माझं लेकरू खाल्लं, म्हणत सुनेला कुशीत घेतलं, आणि तेव्हापासून दोघी एका ताटात जेवतात. झाकली मूठ. मग रोज बोलता बोलता त्याचाही त्या वाक्यावर विश्वास बसला. नाही तर दुसरं काय मानायचं होतं? झोप लागली? भरदुपारी? दारू तो पीत नव्हता. मग राहिलं काय... जे राहिलं ते त्यानं कधी शब्दांत येऊ दिलं नाही.

"चालू करून दावतो," बजरंग म्हणाला.

"राहू दे. ते बंद पडलेलं हाय."

"बघू तर."

त्यानं डिझेलची बाटली वर टांगली, बॅटरीच्या वायरी जोडल्या. खोकू दे, पुंजाराम म्हणत होता, जाम होऊ दे, फुटू दे — देवळात कधी मागितलं नव्हतं इतक्या कळवळून तो एका इंजिनाचं मरण मागत होता. बजरंगनं सेल्फ मारला.

अर्ध्या फेऱ्यात ते लागलं. ना खोकलं, ना अडखळलं. तीच ती मधूनच एक ठोका गाळल्यासारखी लय, जी चढाच्या खालून ऐकू आली की लंकाबाई तव्यावर भाकरी टाकायची. ओंडके थरथरत होते. कल्याण आता उतरेल, किल्ली खुंटीला अडकवेल...

"बघा! ह्याला काय झालंय? निव्वळ सोनं हाय," बजरंग ओरडून म्हणाला. "ह्येच बसवू ना?"

पुंजारामच्या खिशात मोबाईल वाजला. त्यानं सवयीनं कानाला लावला.

"आवं, कवा येताय जेवायला? धनश्रीनं पिठलं—" लंकाबाई मध्येच थांबली. पलीकडून धनश्री भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. "ही... ही त्याचीच गाडी ना वं?"

नाही म्हण. दुसऱ्या कुणाची आहे म्हण. तो स्वतःला बजावत होता.

"त्याचंच इंजान हाय. मला वळखू येत न्हाई व्हय?" तिचा आवाज आधी ओला होता, मग हळूहळू कोरडा झाला. "चांगलं चालतंय की. मग त्या दिवशी बंद कसं पडलं?"

भांड्यांचा आवाज थांबला.

बजरंग बंद करायला वाकला तसा पुंजारामनं झाकण धरलेला हात वर केला — राहू दे. चालू राहू दे. आत्ताच ज्याचं मरण मागितलं ते बंद पडेल या धास्तीनं तो आता जागचा हलत नव्हता, कारण ते चालू आहे तोवर ऐकू आलं नाही असं म्हणता येईल, आणि बाटलीत डिझेल अजून तळाशी थोडं दिसत होतं.

"आवं," फोनमधून लंकाबाई म्हणत होती, "बोला की."