शिडाच्या आतला धवला

मढच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की पहिला निरोप मंजुळाला जायचा. ती धवलारीण. हळदीपासून वरातीपर्यंतचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, तिला तोंडपाठ. पण सत्त्याऐंशीच्या वैशाखात एकाच दिवशी दोन लग्नं आली. एक मढलाच, दुसरं खाडीपलीकडे वेसाव्यात, तिच्या मावसबहिणीच्या, पार्वतीच्या लेकीचं. नाही म्हणायचं तरी कुणाला?

तिचा दीर लहू साकीनाक्याला कारखान्यात होता. तो मित्राचा टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि म्हणाला, वेसाव्याला तुझा नुसता आवाज धाडू.

पहिल्या टेपमध्ये धवल्यापेक्षा समुद्र, कावळे आणि बर्फ फोडण्याचे ठोकेच जास्त. मग लहूने घरात दोऱ्या बांधून होडीचं जुनं शीड चारी बाजूंनी सोडलं, वर गोधड्या टाकल्या. ती गायली की फळीवरची भांडी झणझणायची, ती उचलून अंगणात ठेवली. माइकला रुमाल गुंडाळून तो आढ्याला टांगला.

मंजुळा आत बसली आणि सगळं जग लांब गेलं. शिडाला मिठाचा वास होता. कापडातून गाळून येणारा उजेड हळदीसारखा पिवळा. समोर ना मांडव, ना माणूस. तिने डोळे मिटले तशी नवरी आपसूक येऊन बसली. तिच्यामागे पार्वती, आणि तिच्याही मागे मंजुळाची वारलेली आई, ओल्या केसांनी, हसत. ती त्यांच्यासाठी गात राहिली. टेप संपल्याचा खटका वाजला तरी थांबली नाही.

ऐकताना लहूने कपाळाला हात लावला. दर ओळीनंतर रिकामी जागा.

"वयनी, मधे मधे थांबलीस कशाला?"

"मागून बायका म्हणतात ना तीच ओळ. त्यांना जागा नको?"

पुन्हा भरूया, असं तो म्हणत होता. तिने ऐकलं नाही; टेप तशीच वेसाव्याला गेली.

मढचं लग्न लागलं तशी ती तरीच्या होडीने वेसाव्याला निघाली. खाडीच्या मध्यावर कर्ण्यातून तिचाच आवाज पाण्यावरून आला, आणि दर ओळीमागे बायकांचा. तिला वाटलं, ही गाणारी कुणी दुसरीच बाई आहे, आपल्याहून खूप जुनी.

तिला पाहून पार्वती टेप बंद करायला धावली. मंजुळाने तिचा हात धरला.

"राहू दे. मला ऐकायचंय."

ती बायकांत मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत कुठल्या लग्नात ती अशी नुसती बसली नव्हती. कुणीतरी तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला.