गाडीच्या अंगात येते

यशोदाबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि पदर सावरत विचारलं, "कधी येते हिच्या अंगात?"

चंद्रभान घाबरला. चूक त्याचीच होती.

पुलगावच्या मिलचा भोंगा चंद्रभान वाजवायचा. सारं गाव त्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, दिवे लावायचं. वाजवतो कोण, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. भोंगा आपोआप वाजतो असा लोकांचा समज होता. आई वारल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा शहाऐंशी साली आईचं वावर विकून तो एका डॉक्टरांची जुनी लूना घ्यायला नागपूरला गेला. लूना सकाळीच विकली गेली होती. डॉक्टरांनी कुवेतहून आणलेली जपानी गाडी मात्र शिल्लक होती. दोन दारं, दोन सीटा. डॉक्टरांना तीन मुलं असल्यामुळे त्या एका सीटवरून घरात रोज मारामारी व्हायची, म्हणून ती मिळेल त्या भावात काढायची होती. चंद्रभानने दुसऱ्या सीटकडे पाहिलं. लूनावर मागे बसलेल्याचं तोंड दिसत नाही. इथे दिसलं असतं. मिलचा ट्रक तो कधीतरी चालवायला शिकला होताच. त्याने गाडी घेतली.

वर्षभर त्या सीटवर कोणी बसलं नाही. गाडी इतकी खाली होती, की लोक विचारायचे, ही गाडी हाय का जेवाचा पाट?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की स्पीड वाढला की टर्बो येतो, मग गाडी आपली राहत नाही. चंद्रभानने हे चहाच्या टपरीवर आपल्या भाषेत सांगितलं: हिच्या अंगात येते. आता अंगात आलेल्याला माणसं प्रश्न विचारणारच. पलीकडच्या गल्लीतल्या यशोदाबाईंजवळ एकच प्रश्न होता. त्यांचे मालक लक्ष्मणराव आठ-नऊ वर्षांमागे सायकलची ट्यूब आणायला गेले होते. ट्यूब काही आली नाही.

हे यंत्र आहे, देव नाही, असं सांगायला चंद्रभानने तोंड उघडलं.

"इथं नाई येत, वैनी. मोकळा रोड पायजे. तळेगावकडं येते."

"मंग न्या मले."

कुवेतची गाडी, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. यशोदाबाई त्याच्या उजव्या हाताला बसल्या, म्हणजे पूजेला बायको बसते त्या बाजूला. हे चंद्रभानच्या ध्यानात आलं. त्यांच्या आलं नसावं. त्या फुटाणे काढत होत्या.

आर्वीपर्यंत त्या बोलत राहिल्या. शेजारणीची म्हैस, बिघडलेलं लोणचं, एकटीपुरता स्वयंपाक केला तरी उरतोच कसा. चंद्रभान "हो ना" म्हणत होता. घरी तो हे भिंतीला म्हणायचा. त्याने वेग आणखी कमी केला. टर्बो आला की प्रश्न, प्रश्न झाला की परतीचा रस्ता. एक बैलबंडी त्यांच्या पुढे गेली. बंडीवाल्याने मागे वळून आपुलकीने विचारलं, ढकलू का?

तळेगावचा हायवे लागला. यशोदाबाईंनी फुटाणे बांधून ठेवले.

"आज नाई येत का? उपास तं नाई न हिचा?"

त्यांनी बॉनेटकडे पाहत हात जोडले. चंद्रभानने पाय दाबला. बॉनेटखालून शीळ उठली, सीटने पाठीत रट्टा दिला आणि गाडी घुमायला लागली. यशोदाबाईंनी डोळे मिटले.

"माय, माहे मालक येतीन का?"

अंगात आलेल्याचं बोलणं दुसऱ्या कोणीतरी उलगडून सांगावं लागतं. त्या चंद्रभानकडे वळल्या.

"काय म्हणते?"

"नाई" म्हणायला फारसा श्वास लागला नसता. गाव तेच म्हणत होतं. त्यालाही तेच वाटत होतं. आणि गाडीने सांगितलेलं त्यांनी मानलं असतं.

"येतीन म्हणते," तो म्हणाला.

परत येताना यशोदाबाईंचे फुटाणे बांधलेलेच राहिले. एकदाच त्यांनी गाडी अजून जोरात पळते का, एवढं विचारलं. चंद्रभानने पळवली. गल्लीच्या अलीकडे त्यांनी हात वर केला.

"इथंच उतरवा, भाऊ. ते येऊन बसले असले तं? परक्याच्या गाडीत पाह्यलं म्हंजे बरं नाई दिसत."

दार तसंच उघडं टाकून त्या झपाझप गल्लीत वळल्या. चंद्रभानने वाकून ते ओढून घेतलं.

टर्बो येऊन गेल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नसतं, जरा निवू द्यायचं असतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चंद्रभान बसून राहिला.