सारिकाच्या खाटेखालचा वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझा रंग उडाला आहे, तबकडीची काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि सध्या माझा मुक्काम धुळ्याला, देवपुरातल्या एका लोखंडी खाटेखाली आहे. पण काटा अजून शाबूत आहे. समोरचा कितीही मोठा असला तरी त्याची भीड मी कधी ठेवली नाही.

एका कारखान्यात मला घडवलं आणि तिथून थेट सावद्याच्या एका दवाखान्यात आणलं. काय दिवस होते ते! केळीचे व्यापारी माझ्यावर चढताना पोट आत ओढायचे आणि मला मनातल्या मनात हसू यायचं. तान्ही बाळं आईच्या कडेवर बसून यायची. आधी दोघांचं वजन, मग एकट्या आईचं, आणि राहिलं ते बाळाचं. बाळ वाढलेलं दिसलं की आई माझ्याकडे असं बघायची की जणू मीच त्याला दूध पाजलं होतं. रुपचंदभाऊ तिथे कंपाउंडर होते. रोज फडक्याने ते माझी काच पुसायचे.

पुढे दवाखान्यात लाल आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी अडगळीत गेलो. रिकाम्या खोक्यांखाली मी बरीच वर्षं काढली. रुपचंदभाऊ निवृत्त होऊन धुळ्याला राहायला आले तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. पण घरी तरी मला कोण विचारणार? कोळी माझ्यावर जाळं विणायचे.

मग एके दिवशी रुपचंदभाऊंच्या मुलीने, सारिकाने, मला बाहेर ओढलं. तिचं लग्न भुसावळच्या योगेंद्रशी ठरलं होतं. ईस्टरनंतरची तारीख होती. मुलगी पाहायला आलेल्या सासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या होत्या, "मुलगी छान आहे, फक्त जरा अंगाने भरलेली आहे." एवढंच बोलणं, पण ते सारिकाच्या मनात घर करून बसलं.

ही मंडळी ख्रिस्ती. ईस्टरच्या आधी त्यांचा उपवासकाळ येतो. प्रभूच्या दुःखसहनाची आठवण ठेवून जो तो आपल्या परीने उपवास करतो. सारिकानेही उपवास धरला. दिवसभर नुसतं पाणी आणि संध्याकाळी थोडी भाजी. जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या मुलीने केळंसुद्धा सोडलं! पहिल्या दिवसांत ती सकाळी खाटेपाशी गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि नंतर माझ्यावर उभी राहायची. पुढे क्रम उलटा झाला. आधी मी, मग प्रभू. डोळे मिटून ती पुटपुटायची, "प्रभू, उद्या काटा अजून खाली येऊ दे." काटा हलला नाही की तिची प्रार्थनाही दोन ओळींत आटोपायची. मला तर प्रभूपुढे लाजच वाटू लागली.

लोकांना यातलं काय दिसणार? त्यांना दिसली ती भक्ती. चर्चमध्ये तिचं कौतुक होऊ लागलं. तिथले धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी सांगितलं, "सारिका, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी तू साक्ष दे, सगळ्यांपुढे उभी राहून आपला अनुभव सांग. तरुण पोरांना कळू दे, उपवास कसा करावा." ती मान खाली घालून हो म्हणाली. घरी आल्यावर त्या दिवशी माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

शेजारच्या खोलीत यशोदाबाई राहायच्या. एकट्या, म्हाताऱ्या, साखरेचा आजार असलेल्या. एकदा आमच्या दारात उभ्या राहून त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "पोरी, तू इतली तरनी, तरी देवना करता भुकी राहास. मी म्हतारी दोन टाइम जेवस. माले लाज वाटस." सारिका काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती नुसती हसली. त्या दिवसापासून यशोदाबाईंनीही उपवास धरला, साखर उतरवायची गोळी मात्र चालूच ठेवली.

साक्षीच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी त्या नळापाशी कोसळल्या; उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने साखर फार उतरली होती. रुपचंदभाऊंनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात सलाईन लागलं आणि त्या शुद्धीवर आल्या. त्यांना वेळेवर जेवू घाला, नाहीतर पुन्हा असं झालं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. पण दुपारी घरी आल्यावर त्यांनी समोर आलेलं ताट बाजूला सारलं. "सारिका उपास सोडशी तवय मी सोडसू."

सारिका आपल्या खोलीत आली. तिने मला उचललं, छातीशी धरलं आणि यशोदाबाईंच्या खाटेपाशी नेऊन ठेवलं.

"अक्का, मी देवासाठी उपाशी नव्हते," ती म्हणाली. "मी याच्यासाठी उपाशी होते. लग्नात बारीक दिसायचं म्हणून. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी गप्प बसले. तुम्ही सांगायला आलात तेव्हाही गप्प बसले." आणि ती हमसून हमसून रडू लागली.

यशोदाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग मन्ही भूक कोनाकरता व्हती व माय?"



सारिकाचा खांदा धरून यशोदाबाई उठल्या आणि माझ्यावर उभ्या राहिल्या. किती हलके होते ते पाय! काटा खाली यावा म्हणून सारिका रोज प्रार्थना करायची, आणि आज तो खाली होता. तिने एकदाच पाहिलं आणि तोंड ओंजळीत झाकलं.

"आन ते दूध-भाकर," यशोदाबाई म्हणाल्या. "पहिला घास तू ले." एका ताटात दोघी जेवल्या. सारिकाने ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी तिने चर्चमध्ये साक्ष दिली, ती हीच. रुपचंदभाऊ घरी येऊन सांगत होते की काही बायकांनी नाकं मुरडली आणि पाळकसाहेबांना पुढे काय बोलावं ते सुचेना. योगेंद्रच्या घरीही ही गोष्ट पोहोचलीच असेल. तिकडून अजून फोन आलेला नाही. सारिका आता पोटभर जेवते आणि सकाळी भरभर चालून येते. यशोदाबाईंची गोळी आणि जेवण ती स्वतः सांभाळते. पण त्या जेवू लागल्या की तिची मान अजून खाली जाते.

मित्रांनो, अंग सडसडीत असावं, अंगात ताकद असावी, असं वाटण्यात काही पाप नाही. त्यासाठी खुशाल माझ्यावर उभे राहा, मी खरं तेच सांगेन. माझी एकच विनवणी आहे. आपलं ताट बाजूला साराल तेव्हा ते कशासाठी सारलं, हे विचारणाऱ्याला खरं सांगा. नाहीतर तुमच्यावर विश्वास ठेवून शेजारी कोणीतरी उपाशी बसलेलं असेल.